चॅनल गेट ओढण्याआधी: इंदूरच्या मॉलात आणि बाजारसंकुलात नव्याने आलेल्यांसाठी

जेल रोडवरच्या एखाद्या संकुलात पहिलं दुकान घेतलं असेल, किंवा ए. बी. रोडच्या मॉलमध्ये सुपरवायझर म्हणून नुकतेच लागला असाल, तर लवकरच कोणीतरी तुमच्या हातात किल्ली ठेवतं आणि सांगतं, "रात्री हे चॅनल ओढून घ्यायचं." बस. कुठलं आधी ओढायचं, कुठलं शेवटी, कुठल्याला कुलूप घालायचंच नाही, हे सांगायला कोणी थांबत नाही. गार्डसुद्धा मागच्या गार्डला बघूनच शिकलेला असतो, आणि मागच्याला ज्या खोडी होत्या त्या सगळ्या पुढच्याकडे जशाच्या तशा जातात.

चॅनल म्हणजे शेवटी घडीची जाळीच, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. कटावणी आणि निवांत अर्धा तास मिळालेल्या चोराला ती थांबवत नाही. ती त्याचा वेळ खाते आणि त्याला आवाज करायला लावते. खरं तर ती साध्या माणसासाठी असते: इथून पुढे जायचं नाही, एवढं त्याला कळावं म्हणून. पण आग लागली, दिवे गेले, की हाच साधा माणूस धावत त्याच जाळीपाशी येतो. म्हणून गेट बसवताना, ओढताना, कुलूप घालताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: हे बंद असताना आतून बाहेर कोणाला पडावं लागेल?

कुठली वस्तू कशासाठी

बाजारात तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिलं चॅनल गेट. उभ्या लोखंडी चॅनलच्या जोड्या, त्यांना तिरप्या पट्ट्यांची कात्री, वर आणि खाली रूळ. हे भिंतीत कायमचं बसतं. दुकानाचं तोंड, संकुलाचं मुख्य दार, रात्री बंद ठेवायचा एखादा पट्टा, इथे त्याची जागा.

दुसरा सुटा घडीचा बॅरियर. अ‍ॅल्युमिनियमची किंवा हलक्या लोखंडाची जाळी, खाली चाकं. मिटवून कोपऱ्यात उभा करता येतो. ओली फरशी, बंद पडलेला सरकता जिना, छताचं काम चालू असलेली जागा यांच्यासाठी. हा कुलपाचा माल नाही.

तिसरे पट्ट्याचे खांब, म्हणजे आतून पट्टा ओढून दुसऱ्या खांबाला अडकवायचा तो प्रकार. यांचं काम रांग लावणं, बाकी काही नाही. सेलच्या दिवशी दारात हे खांब लावून "गर्दी सांभाळली" असं समजणारे मॅनेजर आहेत. पहिल्या धक्क्याला खांब आडवे होतात आणि मग तेच पायात येतात.

बसवायचं असेल तर

नवं गेट लागणार असेल तर लोहा मंडी, सियागंज किंवा सांवेर रोडकडे कोणीतरी फॅब्रिकेटर गाठून देईलच. त्याच्याकडे जाण्याआधी स्वतःला थोडं माहीत असू द्या. केंद्रीय बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या कामांत जे गेट धरतात त्याचं माप असं: २० x १० x २ मिलिमीटरच्या चॅनलच्या जोड्या, दर १० सेंटीमीटरला एक, तिरप्या पट्ट्या २० x ५ मिलिमीटरच्या, वर-खाली ४० x ४० x ६ मिलिमीटरच्या टी-आयर्नचे रूळ, आणि दर चौथ्या जोडीला ४० मिलिमीटरचं बेअरिंग. खाजगी कामाला हेच माप हवं अशी सक्ती नाही, पण तुमच्यासमोरचा माल त्याहून किती हलका आहे हे तुम्हाला विचारता आलं पाहिजे. चाकं वाचवायला दर सहाव्या-आठव्या जोडीला बेअरिंग टाकलं की गेट पहिलं वर्षभर छान चालतं, मग मधोमध पोट सोडतं आणि खालच्या रुळावर घासायला लागतं.

कोणी भाव किलोवर देतो, कोणी चौरस फुटावर. किलोवाला नको तिथे जाड लोखंड घालेल, फुटावाला हवं तिथे पातळ. दोघांकडूनही चॅनल आणि पट्टीची जाडी कागदावर लिहून घ्या आणि माल आला की व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजा. कारागीर जरा नाराज होईल. होऊ द्या.

आता एक हिशेब, जो नवीन दुकानदार हमखास विसरतात. गेट उघडल्यावर ते नाहीसं होत नाही, एका बाजूला गठ्ठा होऊन उभं राहतं. १० सेंटीमीटरला एक जोडी म्हणजे ३ मीटरच्या दारात साधारण ३० जोड्या. मिटल्यावर एका जोडीला २ सेंटीमीटर धरले तरी ६० सेंटीमीटर दार गठ्ठ्यातच गेलं. दार रुंद असेल तर दोन पाखी गेट घ्या, म्हणजे गठ्ठा दोन्हीकडे वाटला जातो आणि मधली वाट सरळ राहते. भिंतीत खाच असेल, किंवा गठ्ठा बाहेरच्या अंगाला घडी होऊन फिरवता येत असेल, तर फारच उत्तम.

मॉलमध्ये वरचा रूळ कशाला पकडलाय ते स्वतः शिडीवर चढून बघा. दिसतं ते छत बहुतेक वेळा पीओपीचं असतं. त्याला चार स्क्रू मारून लटकवलेलं गेट एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर पडणार. रूळ तुळईला, लिंटेलला (दारावरच्या आडव्या पट्टीला) किंवा जमिनीपासून उभ्या केलेल्या स्वतंत्र चौकटीलाच हवा. खालच्या रुळाचंही तसंच. फरशीच्या वर आलेली पट्टी म्हणजे दिवसभर ठेचा. व्हीलचेअर, ट्रॉली, बाबागाडी, काठी टेकत येणाऱ्या आजी, सगळे तिथेच अडतात. रूळ फरशीच्या पातळीत बुडवून घ्या, नाहीतर दिवसा उचलून उभा करता येणारा बिजागरीचा रूळ मागा. मॉलच्या गाळ्यात काहीही ड्रिल करण्याआधी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, कारण वर स्प्रिंकलरचे पाइप आणि खाली वायरी असतात.

जिथे बसवायचं नाही

हा भाग नीट वाचा, बाकीचा चाळलात तरी चालेल.

संकुलांमध्ये फिरा आणि मागचे जिने बघा. मधल्या वळणावर चॅनल गेट, त्याला कुलूप, आणि त्याच्यामागे रिकामी खोकी, मोडक्या खुर्च्या, दिवाळीची उरलेली रोषणाई. विचारलं तर कारणं तयार असतात: पोरं सिगारेट ओढतात, जोडपी बसतात, कोणीतरी पानाच्या पिचकाऱ्या मारतो, वरच्या मजल्यावरून माल खाली जातो आणि कळत नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण तो जिना तुमचा नाही, तो पळण्यासाठी ठेवलेला आहे, आणि त्या एका कामापुढे पिचकाऱ्यांचा हिशेब लावायचा नसतो.

नॅशनल बिल्डिंग कोडचं, म्हणजे इमारतींच्या राष्ट्रीय नियमावलीचं, म्हणणं अगदी सरळ आहे. बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, आणि ते किमान १ मीटर रुंद हवं. कुलूप घातलेलं चॅनल गेट पहिल्या अटीत बसत नाही. अर्धवट ओढलेलं किंवा जाड गठ्ठ्याचं गेट दुसऱ्या अटीतही अनेकदा बसत नाही. "किल्ली गार्डकडे आहे" हे उत्तर नाही. गार्ड चहाला गेलेला असतो, किंवा धूर बघून तोही पळालेला असतो, आणि दहा किल्ल्यांच्या जुडग्यातली नेमकी किल्ली अंधारात सापडत नाही.

दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. बहुतेक जण धुराने गुदमरले, भाजून नाही. बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्यांनी बुजवलेली होती आणि दारांना कड्या होत्या. त्या खुर्च्या टाकणाऱ्याने किंवा कड्या घालणाऱ्याने त्या वेळी काही फार भयंकर केलंय असं त्याला वाटलं नसणार. जिन्यावर चॅनल बसवणाऱ्यालाही वाटत नाही.

मग पोरांचं आणि मालाचं काय करायचं? जिन्याला आतून ढकलल्यावर उघडणारं, पॅनिक बारचं (आडव्या दांडीवर दाब दिला की उघडणारं) दार बसवा, त्याला उघडताच वाजणारी घंटी लावा, एक कॅमेरा आणि भरपूर उजेड ठेवा. सिगारेटवाला घंटी एकदा ऐकतो, पुन्हा येत नाही. खर्च चॅनलपेक्षा जास्त येईल हे कबूल. मालकाला तो आकडा दाखवताना शेजारी फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमनच्या ना-हरकत दाखल्याची, प्रतही ठेवा, बोलणं लवकर आटोपतं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. जाळी आग अडवत नाही, धूर तर मुळीच नाही. नकाशात जिथे फायर शटर, म्हणजे आग अडवणारं शटर, दाखवलंय तिथे "तेवढंच काम करतं" म्हणून कोणी चॅनल सुचवत असेल, तर त्याला नको म्हणा.

रात्री ओढण्याची रीत

मॉलमध्ये खरी अडचण दुकानं बंद होण्याची नसते. दुकानं एका वेळी मिटतात, पण वर सिनेमाचा शेवटचा खेळ चालू असतो आणि फूड कोर्टात कोणीतरी अजून कुल्फी खात बसलेलं असतं. म्हणजे अर्धी इमारत बंद आणि अर्धी जागी. त्यासाठी आधी कागदावर एक वाट आखा: सिनेमातून सुटलेला माणूस कुठून उतरेल, पार्किंगला कसा जाईल, आणि ती वाट कुठल्या कारणाने बंद झाली तर दुसरी कुठली. या दोन वाटांवरचं एकही गेट खेळ सुटेपर्यंत हलवायचं नाही.

मग फेरी. सगळ्यात आतल्या, सगळ्यात वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. स्वच्छतागृहं, ट्रायल रूम, गोदाम, सफाईवाल्यांची खोली. दार वाजवा, मोठ्याने हाक मारा, उत्तराची वाट बघा. महिलांच्या स्वच्छतागृहात महिला गार्ड किंवा सफाईवाल्या ताईंनाच पाठवा. रिकामा झालेला भाग मागे टाकत या आणि तो टाकला की मगच त्याचं गेट ओढा. उलट दिशेने, दारापासून आत, कधीच जायचं नाही, कारण मग तुमच्या आणि शेवटच्या माणसाच्या मध्ये जाळी येते.

ओढताना हात फक्त मुठीवर. जाळीला धरून ओढलं की कात्रीत बोट सापडतं, आणि ते वेदनेपुरतं राहत नाही, नख जातं. जवळ मूल नाही ना, कोणाचा पदर किंवा ओढणी लागत नाही ना, हे बघून मगच ओढा. झटका देऊ नका. अडलं तर थांबा, खाली वाकून रुळात काय आहे ते काढा. गुटख्याची पुडी, बाटलीचं झाकण, खडा, बहुतेक वेळा एवढंच असतं. जोर लावला तर एक रिव्हिट तुटतं, आणि एक तुटलं की शेजारच्यांवर भार येतो.

दोन पाखी मधे आली की वरची कडी, खालची कडी, मग कुलूप. खालची कडी टाळायची सवय फार जणांना आहे, कारण वाकावं लागतं. पण जाळी खालूनच वाकते. खालचं टोक मोकळं असेल तर दोन हातांनी कोपरा ओढून एखादं किडकिडीत पोर आत जाऊ शकतं. कुलूप लागलं की एकदा हलवून बघा, नुसतं लागल्यासारखं दिसतं आणि दांडी बसलेली नसते.

किल्ली एकाच्या खिशात राहता कामा नये. एक जुडगा ड्युटीवरच्या माणसाकडे, दुसरा कंट्रोल रूमच्या काचेच्या पेटीत, प्रत्येक किल्लीला मोठा नंबर, आणि गेटवरही तोच नंबर रंगवलेला. रजिस्टरमध्ये कोणी, किती वाजता, कुठलं गेट लावलं हे लिहायचं. त्याच पानावर अग्निशमनचा १०१ आणि आणीबाणीचा ११२ मोठ्या अक्षरात असू द्या, घाबरलेल्या माणसाला पाठ असलेला नंबरही आठवत नाही.

सकाळी क्रम वेगळा. आधी बाहेर पडायच्या वाटांवरची गेटं, मग आतली, ग्राहकांचं मुख्य दार सगळ्यात शेवटी. उघडलेला गठ्ठा साखळीने किंवा आकड्याने भिंतीला बांधा. फरशीला जरा उतार असला तरी सुटं गेट दिवसभरात हळूहळू पुढे सरकतं.

दिसलं पाहिजे

शटरपेक्षा चॅनल गेट कशात सरस असेल तर ते आरपार दिसण्यात. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर चाट आणि गराडूचे (तळलेल्या कंदाचे) ठेले लागतात, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत माणसांची ये-जा असते, आणि जुने लोक सांगतात की तीच गर्दी दुकानांचा पहारा. तुमच्या गाळ्यालाही हे लागू करा. आत एक दिवा चालू ठेवा, गल्ला उघडा आणि रिकामा ठेवा, आणि चॅनलवर फ्लेक्स बांधू नका. सेलचा बॅनर तारेने जाळीला बांधून टाकायची जी पद्धत आहे, तिने गार्डला आतलं काही दिसत नाही आणि चोराला आडोसा मिळतो.

मात्र दिसतं म्हणजे हातही जातो. १० सेंटीमीटरच्या फटीतून काठीला आकडा लावून मोबाइलचे कव्हर, पट्टे, पाकिटं ओढून नेता येतात. स्टँड रात्री हात-दोन हात मागे सरकवा.

दिवसाचा सुटा बॅरियर

दोन माणसांनी दोन टोकं धरून उघडायचा. एकट्याने ओढला तर दुसरं टोक तिरपं होऊन कोणाच्या तरी पायावर येतं. पूर्ण ताणू नका. कात्रीची जाळी जितकी लांब तितकी बुटकी होते, आणि शेवटपर्यंत ताणलेली जाळी गुडघ्याला लागेल एवढीच उरते आणि डुलते. अंतर मोठं असेल तर दुसरा जोडा. चाकांचे ब्रेक दाबा, फलक हिंदीत मोठ्या अक्षरात लावा, आणि काम संपलं की लगेच मिटवा. विनाकारण उभा असलेला बॅरियर लोक दोन दिवसांत ओलांडायला शिकतात, मग खरं काम असतानाही ओलांडतात.

सरकत्या जिन्याशी विशेष सावध राहा. जिना चालू असताना त्याच्या उतरायच्या टोकाला बॅरियर कधीही ठेवू नका. मागून येणाऱ्यांना जिना पुढे ढकलत असतो, त्यांना थांबता येत नाही, आणि बॅरियरसमोर माणसांचा ढीग होतो. क्रम ठरलेला आहे: आधी चढायचं टोक बंद करा, जिन्यावरची सगळी माणसं उतरू द्या, मग जिना थांबवा, मग दुसरं टोक बंद करा. पत्रा उघडून काम चालू असेल तर दोन्ही टोकांना बॅरियर हवेच, आणि एका टोकाला माणूसही.

लोकांशी बोलताना कारण सांगा. "आगे बंद है" एवढंच ऐकलं की माणूस वाकून बघायला येतो. "काकू, पुढे फरशी ओली आहे, त्या लिफ्टने चला, मी दाखवतो" म्हटलं की काकू वळतात. हिंदीतही तेच. इंदूरमध्ये "भिया", म्हणजे भाऊ, म्हणून सुरुवात केली की अर्धं काम होतं. हे सगळं गार्डला आपोआप येत नाही. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डचं प्रशिक्षण व्हावं लागतं, तेव्हा एजन्सी नेमताना दोन्हीचे कागद मागा.

गर्दीचे दिवस

धनतेरसला राजवाड्याच्या आसपासचे काही दुकानदार चॅनल अर्धं ओढून ठेवतात, थोडे थोडे ग्राहक आत घ्यायला. माझं मत विचाराल तर हे बंद करा. आतून बाहेर येणारे आणि बाहेरून आत घुसणारे त्याच हातभर फटीत भेटतात, आणि जाळीवर दाब आला की बोटं तिच्यातच असतात. त्या दिवशी गेट पूर्ण मिटवून साखळीने बांधा, दारात दोन माणसं उभी करा, आणि येण्याची वाट एका बाजूने, जाण्याची दुसऱ्या बाजूने ठेवा. रस्त्यावरच्या गर्दीसाठी सुटा घडीचा बॅरियर मुळीच नको. तिथे एकमेकांत अडकणारी लोखंडी बॅरिकेड लागतात, आणि ती पोलिसांना विचारून लावायची असतात.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात. तुमचं संकुल त्या मार्गावर असेल तर त्या रात्री गेट लावून घरी जाण्याचा विचार सोडा. लोक बघायला जिन्यांवर, गच्च्यांवर चढतात, म्हणून किल्लीसकट एक माणूस पहाटेपर्यंत जागा ठेवा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, दुकानं बंदच असतात, तेव्हा तिथला त्रास वेगळा. गुलाल आणि पाणी मिळून रुळात चिखल होतो आणि वाळला की दगडासारखा बसतो. दुसऱ्या दिवशी गेट ओढण्याआधी रूळ खरवडून, धुऊन, पुसून कोरडा करा.

निगा

तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात त्याचा काळा लगदा होतो. बेअरिंगला थोडं ग्रीस, कात्रीच्या सांध्यांना ग्रॅफाइट पावडर किंवा सिलिकॉन स्प्रे, रुळाला नुसता ब्रश. महिन्यातून एकदा सगळी रिव्हिटं बोटाने हलवून बघा, ढिलं वाटलं तर त्याच दिवशी बदला. पावसाळ्याआधी गंजलेल्या जागा घासून रेड ऑक्साइड आणि वरून रंग, खालच्या हातभर भागाकडे जास्त लक्ष देऊन, कारण फरशी धुतलेलं पाणी तिथेच साचतं.

वेल्डिंगचं काम निघालं तर दुकान चालू असताना करू देऊ नका. आजूबाजूचे कपडे, खोकी, थर्माकोल हलवा, जवळ अग्निशामक सिलिंडर ठेवा, आणि वेल्डर गेल्यावरही कोणालातरी तासभर तिथे थांबवा. ठिणगी कधी कधी फळीमागे जाऊन बसते आणि धूर यायला वेळ घेते.